अवजड ट्रकच्या मागे यंत्रसामग्री ओढून नेताना : परवाना, कागदपत्रे आणि चालविण्याची रीत

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर सकाळी घटकाभर उभे राहिले, तर ट्रकच्या मागे काही ना काही ओढत नेले जात असल्याचे हमखास दिसते. कधी चाकांवर बसविलेला एअर कॉम्प्रेसर असतो, कधी डीजी सेटची म्हणजे डिझेल जनरेटरची ट्रॉली, कधी बंद पडलेला टिप्पर, तर कधी घोड्याला (म्हणजे नुसत्या ओढणाऱ्या ट्रकला) जोडलेल्या लो-बेडवर, म्हणजे बुटक्या सपाट ट्रेलरवर, चढविलेले पोकलेन हे खोदाई यंत्र. चालकाला हटकले, तर तो परवाना पुढे करतो आणि ‘हेवी आहे साहेब’ एवढे सांगून मोकळा होतो. परवाना हवाच, यात वाद नाही. परंतु त्याआधी विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे : मागे जे जोडले आहे, ते कायद्याच्या दृष्टीने नेमके काय आहे? या एका प्रश्नाच्या उत्तरावर परवाना, नोंदणी, विमा, वेग आणि दंड असे पुढचे सारे अवलंबून असते. म्हणून आपणही सुरुवात तेथूनच करू.

प्रथम मागची वस्तू ओळखावी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ट्रेलर आणि सेमी-ट्रेलर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याचा सारा भार स्वतःच्या चाकांवर असतो आणि जो दांडीने मागे ओढला जातो, तो ट्रेलर. ज्याचा पुढचा भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो आणि ज्याच्या वजनाचा काही हिस्सा ते वाहन उचलते, तो सेमी-ट्रेलर. आपल्याकडे बोलताना दोहोंना सरसकट ‘ट्रेलर’ म्हणतात, पण घोडा आणि त्यावर टेकलेला लो-बेड मिळून जे वाहन होते, त्याला कायदा ‘आर्टिक्युलेटेड’ म्हणजे सांध्याचे वाहन मानतो.

तिसरा प्रकार नादुरुस्त वाहनाचा. बंद पडलेला ट्रक दुरुस्तीसाठी ओढून नेता येतो, पण त्याला स्वतंत्र अटी आहेत आणि त्या पुढे येतील.

चौथा प्रकार सर्वाधिक घोटाळ्याचा आहे. कॉम्प्रेसर, जनरेटर, काँक्रीट मिक्सर किंवा डांबर तापविण्याची टाकी अशा यंत्रांना कारखान्यातूनच दोन किंवा चार चाके आणि एक दांडी बसवून दिलेली असते. ती चाके यंत्र कामाच्या जागेवर इकडून तिकडे ढकलण्यासाठी असतात. चाके आहेत म्हणून ते यंत्र सार्वजनिक रस्त्यावर ओढण्यास योग्य ठरत नाही, कारण वाहन चालविण्याच्या नियमांनुसार मोटार वाहनाने ओढावयाच्या गोष्टी मोजक्याच आहेत : नादुरुस्त वाहन, पूर्ण जोडणी न झालेले वाहन, नोंदणीकृत ट्रेलर आणि साइडकार. नोंदणी नसलेली ट्रॉली या यादीत बसत नाही. अशा यंत्राच्या बाबतीत सरळ मार्ग एकच आहे : ते उचलून ट्रकमध्ये किंवा लो-बेडवर ठेवावे आणि माल म्हणून न्यावे. क्रेनचे भाडे वाचविण्यासाठी पाच-सात किलोमीटर ‘असेच ओढून नेऊ’ असा हिशेब ठेकेदार करतात. पण वाटेत अपघात झाला, तर नोंदणी नसलेल्या ट्रॉलीचा विमा कोठून आणणार, याचे उत्तर त्या हिशेबात नसते.

चालकाचा परवाना

कायद्याच्या व्याख्येप्रमाणे भारासहित एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले वाहन हलके आणि १२,००० किलोपेक्षा जास्त असलेले मालवाहू वाहन अवजड ठरते, मधले मध्यम. परवान्यावर मात्र १९९४ च्या दुरुस्तीपासून मध्यम आणि अवजड असे वेगळे वर्ग राहिलेले नाहीत. त्या सर्वांसाठी ‘परिवहन वाहन’ हा एकच वर्ग आहे. व्यवहारात अजूनही ‘हेवी लायसन्स’ म्हणतात, ते हेच.

हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहनही चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. या निकालाचा आधार घेऊन काही जण मोठा ट्रकही हलक्या परवान्यावर चालविण्याच्या गोष्टी करतात. ते साफ चूक आहे. मर्यादा ७,५०० किलोंचीच आहे. २००१ च्या आणखी एका निर्णयात याच न्यायालयाने म्हटले होते की, ट्रॅक्टरचा वैध परवाना असलेला चालक केवळ मागे ट्रेलर जोडला म्हणून विनापरवाना ठरत नाही. म्हणजे ओढणारे वाहन चालविण्याची पात्रता हा पाया आहे आणि अवजड ट्रकच्या बाबतीत तो पाया परिवहन वर्गाचा परवाना हाच आहे.

हा परवाना काढण्याचा क्रम असा. वयाची २० वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान १ वर्ष जुना असावा, त्याशिवाय परिवहन वर्गाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. अर्ज ‘सारथी’ संकेतस्थळावरून करता येतो. त्याला डॉक्टरने भरलेला ‘नमुना १-अ’ म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर देता येते. त्या वेळी मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे ‘नमुना ५’ मधील प्रमाणपत्र लागते. पूर्वी असलेली आठवी उत्तीर्ण ही अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली, त्यामुळे शाळा लवकर सुटलेल्या पण ट्रकवर वर्षानुवर्षे क्लीनर म्हणून राबलेल्या अनेकांची वाट मोकळी झाली. परवान्याची मुदत ५ वर्षांची असते. ज्वालाग्राही किंवा घातक माल नेण्याची नोंद असल्यास ३ वर्षांची.

नागपुरात अर्जदाराने आपला पत्ता कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत येतो हे आधी पाहावे. शहर (एमएच-३१), ग्रामीण (एमएच-४०) आणि पूर्व नागपूर (एमएच-४९) अशी तीन कार्यालये आहेत, आणि चुकीच्या दारात उभे राहून दिवस घालविणारे उमेदवार पुष्कळ दिसतात.

ट्रेलरची स्वतंत्र कागदपत्रे

ट्रेलर आणि सेमी-ट्रेलर यांची नोंदणी ओढणाऱ्या वाहनापेक्षा वेगळी असते. ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक त्याच्या बाजूवर दिसला पाहिजे, आणि ज्या वाहनाने तो ओढला जात आहे त्याचा क्रमांक ट्रेलरच्या मागे लावला पाहिजे. एकापेक्षा अधिक ट्रेलर असतील, तर सर्वांत शेवटच्या ट्रेलरवर. घोडा बदलला की मागची पाटी बदलायची, हे बहुतेक वेळा विसरले जाते.

योग्यता प्रमाणपत्र, ज्याला सारे ‘फिटनेस’ म्हणतात, तेही दोहोंचे वेगवेगळे तपासावे. वाहन ८ वर्षांचे होईपर्यंत ते दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. विमा पॉलिसीत ट्रेलरचा उल्लेख आहे की नाही, हे पॉलिसी हातात घेऊन वाचावे; ट्रकचा विमा आहे म्हणजे ट्रेलरचाही आहे, असे गृहीत धरू नये. परमिटच्या, म्हणजे वाहन मालवाहतुकीसाठी वापरण्याच्या परवानगीच्या, बाबतीत कायदा थोडा उदार आहे : मालवाहू परमिटधारकाला दुसऱ्याच्या मालकीचा ट्रेलर किंवा सेमी-ट्रेलरही अटींच्या अधीन राहून ओढता येतो. म्हणूनच वाडी आणि कापसीच्या ट्रान्सपोर्ट व्यवसायात घोडा एकाचा आणि ट्रेलर दुसऱ्याचा, अशी व्यवस्था कायदेशीरपणे चालू शकते. कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर दाखविली तरी चालतात.

वजन आणि आकार

जुलै २०१८ मधील सुधारणेनंतर दोन आसांच्या (अ‍ॅक्सलच्या) ट्रकसाठी कमाल एकूण वजन १८.५ टन आणि तीन आसांच्या ट्रकसाठी २८.५ टन आहे. जोडवाहनांची कमाल मर्यादा ५५ टन. हे कायद्याने घातलेले छप्पर झाले. आपल्या वाहनाची खरी मर्यादा नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेली असते, आणि उत्पादकाने ओढण्यासाठी ठरवून दिलेले एकत्रित वजन त्याहून वेगळे असू शकते. ज्या साध्या ट्रकला कारखान्यातून मागचा हुक आणि ट्रेलरच्या ब्रेकसाठी हवेच्या जोडण्या आलेल्याच नाहीत, त्याच्या चासीला वेल्डिंगवाल्याकडून हुक मारून घेणे म्हणजे ओढण्याची व्यवस्था नव्हे. ट्रकच्या पुढे असलेला हुक तर केवळ अडकलेला ट्रक बाहेर काढण्यासाठी असतो.

मर्यादेपेक्षा जास्त भारासाठी अधिनियमात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत बाहेर येत असेल, तरीही २०,००० रुपयांचा दंड लागू होतो. पोकलेनसारखे यंत्र लो-बेडच्या कडांबाहेर येत असल्यास ते ‘ओडीसी’ म्हणजे ठरलेल्या मापांबाहेरचा माल ठरते आणि त्यासाठी निघण्यापूर्वीच परवानगी घ्यावी लागते. यंत्राचा बूम म्हणजे लांब हात खाली टेकवून, साखळ्यांनी चारही बाजूंनी ताणून बांधल्यावर जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी आणि तो आकडा चालकाच्या केबिनमध्ये लिहून ठेवावा. नरेंद्रनगरचा भुयारी मार्ग असो वा लोहापूल, नागपुरात रेल्वेखालून जाणाऱ्या वाटांवर अंदाजाने गाडी घालणे महागात पडते.

जोडणी : घाई न करण्याचे काम

घोडा मागे घेण्यापूर्वी ट्रेलरच्या चाकांना उटी, म्हणजे चाक हलू नये म्हणून लावायचे ठोकळे, लावाव्यात. घोडा सरळ रेषेत हळू मागे घ्यावा. किंगपिन, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या भागाखालची जोडणीची पिन, घोड्यावरच्या फिफ्थ व्हील नावाच्या जोडचकतीत बसल्याचा आवाज आला म्हणून काम झाले असे मानू नये. खाली वाकून टॉर्चच्या उजेडात पाहावे की, कुलपाचे जबडे पिनेच्या मानेभोवती पूर्ण मिटले आहेत आणि ट्रेलरची वरची प्लेट व फिफ्थ व्हील यांच्यात फट नाही. त्यानंतर हवेचे पाईप जोडावेत : लाल पाईप ट्रेलरच्या टाकीत हवा भरतो, पिवळा ब्रेकचा हुकूम पोचवितो. मग विजेची केबल जोडून मागचे दिवे, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर दुसऱ्या माणसाला मागे उभे करून तपासावेत. शेवटी ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवून पहिल्या गिअरमध्ये घोडा पुढे ओढून पाहावा. जोडणी कच्ची असेल, तर ती येथे सुटेल, आणि अंगणात सुटलेली बरी. एवढे झाल्यावरच ट्रेलरचे पाय, म्हणजे घोडा नसताना पुढचा भाग पेलणारे टेकू, पूर्ण वर घ्यावेत आणि उटी काढाव्यात.

दांडीच्या ट्रेलरमध्ये हुकाची पिन लॉक झाली पाहिजे आणि तिच्याखेरीज सुरक्षा साखळीही लावली पाहिजे. भार फार मागे असेल तर दांडी वर उचलली जाते आणि ट्रेलर वेगात शेपटीसारखा हलू लागतो. म्हणून जड यंत्र आसाच्या किंचित पुढे ठेवावे. टायरची हवा गार असताना तपासावी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा कमी हवेचा टायर डांबरावर तापून फुटण्यास फार वेळ लागत नाही.

रस्त्यावर

मालवाहू वाहनांसाठी केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ठरविलेली कमाल वेगमर्यादा द्रुतगती मार्गांवर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर ताशी ८० किलोमीटर, तर शहरात आणि इतर रस्त्यांवर ६० किलोमीटर आहे. स्थानिक फलकावर त्याहून कमी आकडा असेल, तर तोच पाळावा. समृद्धी महामार्गावर बाजूने मोटारी सुसाट जातात, म्हणून लो-बेडच्या चालकाने पाय दाबण्याचे कारण नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते आणि मागचे २० टन त्यात कोणतीही सवलत देत नाहीत.

वळणावर ट्रेलरची चाके घोड्याच्या चाकांच्या आतून जातात. डावीकडे वळताना चौकात थोडे पुढे जाऊन मगच सुकाणू फिरवावे आणि डावा आरसा सोडू नये, कारण त्याच जागेत दुचाकीस्वार शिरलेला असतो. उतारावर, म्हणजे अमरावतीकडे जाताना तळेगावच्या सत्याग्रही घाटासारख्या ठिकाणी, घाट सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर आणि इंजिनाच्या धुराला अडवून वेग कमी करणारा एक्झॉस्ट ब्रेक घ्यावा. पायाचा ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ड्रम तापतात आणि ऐन वेळी पकड राहत नाही. ओल्या रस्त्यावर घोड्याचे ब्रेक जोरात लागले आणि ट्रेलरचे कमी, तर मागचा भार पुढे रेटतो आणि घोडा व ट्रेलर सांध्यात दुमडून गाडीची घडी होते.

शहरात अवजड वाहनांच्या प्रवेशाच्या वेळा वाहतूक पोलीस अधिसूचनेने ठरवितात आणि त्या बदलत राहतात. वर्धा मार्गावरून कामठीकडे जायचे असल्यास शहरातून वाट काढण्यापेक्षा बाह्यवळण रस्ता धरावा.

बंद पडलेले वाहन ओढताना

येथे नियम कडक आहेत. ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या सुकाणूवर परवानाधारक चालक बसलेला हवा, किंवा त्याची पुढची चाके क्रेनने रस्त्यावरून पूर्ण उचललेली हवीत. दोन वाहनांमधील अंतर ५ मीटरपेक्षा जास्त होता कामा नये. दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी असावी. तिला लाल कापड बांधावे. मागच्या वाहनाच्या पाठीवर पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ (ओढून नेले जात आहे) असे लिहावे. वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास ठेवावा आणि जवळच्या गॅरेजपलीकडे जाऊ नये. इंजिन बंद असलेल्या ट्रकमध्ये हवा तयार होत नाही. टाकीतील हवा संपली की त्याचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळतात आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते, म्हणून भरलेल्या ट्रकला दोराने ओढण्याचा विचारच सोडावा. राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ या महामार्ग मदत क्रमांकावर फोन करून क्रेन मागवावी आणि ती येईपर्यंत परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवावा.

मुक्कामी पोचल्यावर सोडण्याचा क्रम जोडणीच्या उलट आहे. जागा सपाट आणि टणक पाहावी. काळ्या मातीत पावसाळ्यात ट्रेलरचे पाय रुततात, तेव्हा त्यांच्याखाली जाड फळ्या घालाव्यात. आधी ब्रेक आणि उटी, मग पाय खाली, मग हवेचे पाईप आणि केबल, आणि सर्वांत शेवटी किंगपिनचे कुलूप उघडून घोडा इंच-इंच पुढे काढावा.