लेकरं घेऊन क्रूझला चाललात? मग या चुका टाळा

क्रूझ बिघडते ती समुद्रात नाही, पहिल्याच दिवशी. आपल्या मराठवाड्याकडचा हिशोब ठरलेला असतो, रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी मुंबईत सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीनं जवळच, झालं की! पण गाडी लेट झाली तर जहाज काही थांबत नसतं, आणि चेक-इन तर जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं. एक दिवस आधीच जा, पाहुण्यांकडं मुक्काम टाका.

मग बॅगा. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतात आणि त्या केबिनच्या दारात यायला कधीकधी संध्याकाळ होते, तोवर लेकरं पूल बघून नाचायला लागलेली आणि पोहायचे कपडे बॅगेत! म्हणून कपडे, औषधं, कागदपत्रं, चार्जर हातातल्या पिशवीतच ठेवा. इस्त्री, किटली, इंडक्शन घरीच ठेवायचं, जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळं स्कॅनिंगला सापडलं की काढून घेतात. धपाट्या-दशम्यांचा डबा रेल्वेतच संपवा, घरचं शिजवलेलं सहसा आत नेऊ देत नाहीत. उपाशी कुणी राहत नाही हो, बुफेत खाऊन खाऊन कंटाळा येतो. जैन जेवण पाहिजे असेल तर बुकिंगलाच सांगा.

सेफ्टी ड्रिलला, म्हणजे संकटात कुठं जमायचं, काय करायचं याच्या तालमीला दांडी मारायची नाही, कितीही बोअर झालं तरी. २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळून कलंडलं, ३२ लोक गेले, आणि त्याच दिवशी चढलेल्या शेकडो जणांचं ड्रिल तोवर झालंच नव्हतं. नियम त्यानंतर कडक झाले. लेकरांना आपलं जमायचं ठिकाण कुठंय ते एकदा चालत नेऊन दाखवा.

मोबाईल जहाज निघालं की एअरप्लेन मोडवर. जहाजाचं नेटवर्क सॅटेलाईटवर चालतं, फोन आपोआप त्याला चिकटला तर बिल बघून डोळे पांढरे होतील.

उलटीचा त्रास असणाऱ्यांनी खालच्या डेकवरची, मधली केबिन घ्या, तिथं जहाज कमी हलतं. बाल्कनीच्या नादात वरची टोकाची घेतात अन् मग आडवे पडून राहतात. गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, लेकरांची डॉक्टरला विचारून.

डायपरवाल्या लेकराला किड्स क्लबमध्ये बहुतेक घेत नाहीत, पूलमध्येही नाही, त्या भरवशावर जाऊ नका. आणि सिंगापूरहून जाणारी क्रूझ मलेशिया-थायलंडला जाऊन परत सिंगापूरलाच येते, म्हणजे दुसऱ्यांदा आत शिरायचं असतं, तेव्हा व्हिसा एकदाच एन्ट्रीचा तर नाही ना ते आधी बघा.