प्रागहून दिवसभराची सहल करताय? या चुका टाळा

ऑक्टोबरातला सोमवार. सकाळी साडेनऊला आम्ही कार्लश्टेन स्टेशनवर उतरलो, नदीवरचा पूल ओलांडला आणि दुकानांच्या रांगेतून किल्ल्याचा दोनेक किलोमीटरचा चढ चढायला लागलो. आईचे गुडघे म्हणजे आनंदच, त्यामुळे वाटेत दोनदा बसलो. वर पोचलो तर दार बंद! राजा चौथ्या चार्ल्सने १३४८ साली बांधायला घेतलेला किल्ला आम्ही बाहेरून पाहिला, फोटो काढले आणि खाली उतरलो. "देवदर्शनाला जाऊन कळस बघून आलो," असं आई म्हणाली, ते अजून घरात ऐकवलं जातं.

चेक प्रजासत्ताकातले बहुतेक सरकारी किल्ले आणि राजवाडे सोमवारी बंद असतात, ऐन उन्हाळ्याचा थोडा अपवाद सोडला तर. चेस्की क्रुमलोव्हच्या राजवाड्यातले आतले दौरेही सोमवारी नसतात, आणि हिवाळ्यात तर नेहमीचे दौरे बंदच. प्रागमधलं ज्यू संग्रहालय, म्हणजे ती जुनी सिनेगॉग आणि दफनभूमी, शनिवारी बंद. म्हणून आधी वार बघा, मग ठिकाण ठरवा. आपण नेमकं उलटं करतो. सोमवार रिकामा असेल तर कुत्ना होराला जा, तिथलं अस्थिगृह (हाडांनी सजवलेलं चर्च) आणि सेंट बार्बरा चर्च सोमवारीही उघडं असतं.

कार्लश्टेनचं आणखी एक. किल्ला आतून पाहायचा तर मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं. रत्नांनी मढवलेलं होली क्रॉस चॅपल ज्या दौऱ्यात असतं, त्याची जागा आधी राखून ठेवावी लागते. तिकीट खिडकीवर ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

कुत्ना होराला लोक चुकतात ते स्टेशनपाशी. प्रागहून गाडी साधारण तासाभरात पोचते, पण मुख्य स्टेशन गावात नाही, तीनेक किलोमीटर अलीकडे सेडलेत्समध्ये आहे. 'मुख्य' म्हटलं की आपल्याला समोर बाजारपेठ दिसायला हवी असते. इथे दिसतो साधा रस्ता. घाबरून टॅक्सी करू नका. हाडांचं ते प्रसिद्ध चर्च इथून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे, ते आधी उरका. त्याच्या दारात तिकीट मिळत नाही, जवळच्या माहिती केंद्रातून घेऊन यायचं. आत फोटो काढायला २०२० पासून बंदी आहे, आणि ते बरंच झालं. चाळीस हजारांहून जास्त माणसांच्या अस्थी आहेत तिथे, कवट्यांशेजारी तोंड वेडावून सेल्फी काढणाऱ्यांचा कंटाळा आला असणार. मग बसने किंवा छोट्या लोकलने गावात जा. १३८८ साली सुरू होऊन १९०५ साली पूर्ण झालेलं सेंट बार्बरा चर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. चांदीच्या खाणींवर गबर झालेल्या गावाने आपल्या पैशाने काय उभं केलं, ते तिथे कळतं.

आता गाडी पकडण्याचं. प्रागच्या मुख्य स्टेशनच्या फलकावर 'नास्तुपिश्ते' म्हणजे फलाट आणि 'कोलेय' म्हणजे रूळ, असे दोन वेगळे आकडे असू शकतात. रुळाचा आकडा फलाटाचा समजून धावाल, तर भलत्याच फलाटावर उभे राहाल. फलाट गाडीच्या थोडं आधीच जाहीर होतो, तोवर फलकाखाली मान वर करून उभ्या असलेल्या गर्दीत सामील व्हायचं. डब्याचं दार आपोआप उघडेल म्हणून वाट पाहू नका, बटण दाबावं लागतं. रेल्वेच्या ॲपमध्ये 'व्हीलुका' असा शब्द दिसला, तर रुळांचं काम चालू आहे आणि काही अंतर बसने जावं लागेल, असं समजा.

आणि भाषेची एक गंमत. कुत्ना होराच्या वाटेवरच्या कोलीन स्टेशनला मी डब्यातल्या एका आजोबांना विचारलं, "कुत्ना होरा?" ते मान डोलवत म्हणाले, "नो, नो." आम्ही चौघे पटकन खाली उतरलो, गाडी निघून गेली. चेक भाषेत 'आनो' म्हणजे हो, आणि बोलताना त्याचंच 'नो' होतं! पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर बसून आम्ही डब्यातले मेथीचे ठेपले संपवले.

कार्लोव्ही व्हारीला मात्र रेल्वेचा हट्ट नको. गाडी उत्तरेकडून वळसा घालून जाते, बस सवादोन तासांच्या आसपास नेते. गरम झऱ्यांचं पाणी प्यायला चोचीचा कप मिळतो. चव औषधी आहे, एक घोट पुरे.

क्रुमलोव्ह सगळ्यात जास्त फसवतं. बसने एका बाजूला जवळपास तीन तास लागतात, म्हणजे सहा तास प्रवास आणि गावात तीन-चार तास. भोज्याला शिवून यायचं असेल तर ठीक, नाहीतर एक रात्र राहा. संध्याकाळी सहलीच्या बसगाड्या निघून गेल्या की गाव शांत होतं. एका दिवसातच करायचं असेल, तर परतीची बस जातानाच आरक्षित करा. शनिवार-रविवारी संध्याकाळच्या बस भरून जातात.

ड्रेस्डेनची सहल सोपी वाटते, पण ते दुसऱ्या देशात, जर्मनीत आहे. शेंगेन व्हिसा चालतो, तरी मूळ पासपोर्ट जवळ हवाच. सीमेवर तपासणीला पोलीस डब्यात चढतात, मोबाइलमधला फोटो त्यांना चालत नाही.

पैशांचं थोडक्यात: एटीएमने 'रुपयांत हिशेब करू का' असं विचारलं तर नाही म्हणा, हिशेब चेक कोरुनातच होऊ द्या. पैसे बदलणाऱ्या दुकानात दर वाईट मिळाला, तर पावती फेकू नका. २०१९ पासून तिथल्या कायद्याने, हजार युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत परत फिरवता येतो. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं.