कुलवृत्तांत हातात घेण्याआधी

घराण्याचा शोध घ्यायला आलेला माणूस ग्रंथालयात आधी कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याचा छापील इतिहास मागतो. बरोबरच आहे. पण पुस्तक मिळाल्या मिळाल्या मागची वंशवृक्षाची घडी उलगडू नका. जुन्या प्रतीत ती दुमडीवर फाटायला आलेली असते, आणि एकदा आपल्या पणजोबांचं नाव दिसलं की बाकीचं वाचायला धीर राहत नाही. आधी प्रस्तावना वाचा, मग शेवटचं शुद्धिपत्र. माहिती कशी गोळा केली ते प्रस्तावनेत कळतं. बऱ्याचदा घरोघरी पत्रं पाठवून ती मागवलेली असते, म्हणजे वरच्या काही पिढ्या कुणाच्या तरी आठवणीवर उभ्या असतात. छापलं आहे म्हणून खरं, असं धरून चालू नका.

खरा फास आहे तो नावांचा. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे एक पिढी सोडून तेच नाव पुन्हा येतं. पेशव्यांचंच बघा. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे बाजीराव, त्यांचे पुन्हा बाळाजी. माधवराव दोन: माधवराव बल्लाळ म्हणजे थोरले, माधवराव नारायण म्हणजे सवाई. हा ‘बल्लाळ’ म्हणजे बाळाजीच, हे माहीत नसेल तर बापाचं नाव शोधत बसाल. कागदावर नुसतं ‘बाजीराव पंडित प्रधान’ (पंडित प्रधान म्हणजे पेशवा) असेल तर तो 1720 ते 1740 मधला असू शकतो, नाहीतर 1796 नंतरचा. पेशव्यांच्या बाबतीत सांगणारे हजार आहेत, तुमच्या घराण्याच्या बाबतीत कुणी नाही. मग दोन माणसांचा एक होतो, मधली पिढी गळते आणि एकच गृहस्थ नव्वद वर्षं कुलकर्णीपण करताना दिसतो. मी यात फार अडकले. सुटका झाली ती फक्त कालगणना शिकल्यावर.

म्हणून कागदातला सन आधी वाचा. मराठेशाहीच्या कागदांत बहुधा शुहूर सन असतो, अरबी शब्दांत आणि एककापासून सुरू होणारा. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, तेव्हा ‘इहिदे सितैन मया व अलफ’ चालू होता: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे 1161. त्यात 600 मिळवले की 1761. मात्र हा सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतो, म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला 599 च मिळवायचे. फसली सनात, म्हणजे महसुलाच्या हिशेबाच्या सनात, 590 किंवा 591. दोन्हींत नऊ वर्षांचं अंतर आहे, आणि नऊ वर्षांत मुंज झालेला मुलगा कर्ता होतो. शिवाय लिहिणारे ‘मया व अलफ’ सर्रास गाळत. नुसतं ‘इहिदे सितैन’ असेल तर 1061 ही निघेल आणि 1161 ही. तिथे राजाचं किंवा अंमलदाराचं नाव पाहूनच शतक ठरवा. वहीत एकटं नाव कधीच लिहू नका. नाव, बापाचं नाव आणि सन, तिन्ही एका ओळीत. दत्तक असेल तर दोन्ही बाप लिहा.

वतनाच्या वादातल्या वंशावळींबद्दल स्पष्टच सांगते: त्या हक्क शाबीत करण्यासाठी लिहिलेल्या असतात. 1852 च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे, म्हणजे इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी चौकशीपुढे आलेल्या कैफियतींनाही हेच लागू. त्या टाकाऊ नाहीत, पण विरुद्ध पक्षाचा करिना, म्हणजे त्याच्या बाजूची लेखी हकीकत, सापडेपर्यंत निष्कर्ष काढू नका. भाऊबंदकीच्या कागदात गाळलेला भाऊ समोरच्याच्या कागदात हमखास सापडतो.

पैसे घेऊन तयार वंशवृक्ष देणाऱ्यांकडे जाऊ नका, असं माझं ठाम मत आहे. आधार कुठला, एवढं विचारून बघा. त्यापेक्षा मोडी शिका. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नाहीत, त्यामुळे पहिल्या दिवशी पान म्हणजे नुसता गुंता वाटतो. पण मायने (पत्राच्या सुरुवातीचे मजकूर), तारखा, शेवटच्या ओळी ठरलेल्या असतात. त्या आधी ओळखीच्या होतात आणि तिथून वाट सापडते. मोठ्या पदव्यांच्या मार्गदर्शकापेक्षा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून देणारा कर्मचारी कितीदा जास्त सांगून जातो. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून उभं आहे, धुळ्याला इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या नावाचं मंडळ आहे. तिथे जाताना ‘माझ्या घराण्याचं काय आहे?’ असं विचारू नका. गाव, परगणा आणि अंदाजे काळ सांगा, म्हणजे समोरच्याला रुमाल काढता येतो.

आणि तुमच्या शाखेपुढे ‘निर्वंश’ लिहिलेलं दिसलं तर खचू नका. त्याचा अर्थ कित्येकदा एवढाच, की संपादकाला उत्तर आलं नाही. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, तंजावर इकडे गेलेल्या कितीतरी घरांचा मूळ गावाशी संबंध तुटला होता. तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. त्र्यंबकेश्वरला आलेल्या यजमानाने स्वतःच्या हाताने बापाचं, आजोबाचं आणि सध्याच्या गावाचं नाव लिहिलेलं असू शकतं.