बारावीनंतर धोरणाची वाट

‘पब्लिक पॉलिसी शिकायचंय’ म्हटल्यावर आमचे बाबा म्हणाले, ‘म्हणजे यूपीएससीच ना?’ नाही हो! सरकारी धोरणं कशी ठरतात, कशी राबतात, याचा हा अभ्यास. त्यासाठी मी अर्थशास्त्रात बीए केलं. राज्यशास्त्र, संख्याशास्त्रही चालतं. अर्थशास्त्रासाठी पुण्यातली १९३० सालची गोखले इन्स्टिट्यूट बघून ठेवा.

पण कॉलेज सुरू होण्याआधी १ मेच्या ग्रामसभेत मागे जाऊन बसा. पाणीपट्टीवरून भांडण कसं पेटतं, ठरावात त्यातलं किती उतरतं, वहीत टिपा. मग १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारा: गेल्या वर्षी पाण्यावर खर्च किती? मुदत ३० दिवसांची. माझ्या अर्जाला उत्तर आलंच नाही. अपील लिहिता लिहिता निम्मा कायदा पाठ झाला. एक्सेल आत्ताच शिका. पदवीनंतर खासदारासोबत संशोधन करायचं असेल, तर लॅम्प फेलोशिप आहे.