अक्कलदाढ काढली त्या दिवशी चूळ भरू नका

कोल्हापुरात दातांचा दवाखाना चालवून मला बरीच वर्षं झाली. कागदावर लिहून देते, सोबतच्या माणसाला बसवून समजावते, तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी गाल धरून दारात उभं असतंच.

सगळ्यात महागात पडते ती पहिल्या दिवशीची चूळ. तोंडात रक्ताची चव आली की माणूस घाबरतो आणि बेसिनपाशी थुंकत बसतो. थुंकल्यानं आणखी रक्त येतं, म्हणून आणखी थुंकतो. अहो, दाढेच्या खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी हीच तुमची मलमपट्टी आहे! खालचं हाड आणि नसा तिनंच झाकलेल्या असतात. ती निघाली की हाड उघडं पडून कळा सुरू होतात, यालाच ड्राय सॉकेट म्हणतात.

तालमीतला एक पोरगा आठवतो. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, "काय बी दुखत नाही." चौथ्या दिवशी सकाळी सातलाच दवाखान्याच्या पायरीवर बसलेला. "डॉक्टर, कानातनं कळ मारतीया, रातभर डोळा नाही." आत बघितलं तर खड्डा रिकामा, तळाला पांढुरकं हाड आणि उग्र वास. जबडा उघडत नव्हता म्हणून आईनं बदामाची थंडाई स्ट्रॉनं पाजली होती. माऊलीनं मायेनंच केलं, पण त्या ओढीनं गुठळी सुटली. खड्डा सलाईननं धुऊन लवंगतेलाची औषधी पट्टी भरली, तेव्हा कुठं त्याचा चेहरा सैल पडला. पट्टी बदलायला त्याला आणखी दोनदा यावं लागलं. आठवडाभर स्ट्रॉ नको, जोर-बैठका नकोत. तंबाखू, मावा, मिश्री, सिगारेट तर नकोच नको.

दुसरी चूक, दुखायची वाट बघणं. बधिरपणा दोन-चार तासांत उतरतो आणि कळ एकदम चढते; मग गोळी लागू पडेपर्यंत माणूस तळमळतो. मी पेशंटला दवाखान्यातच थंड दूध देते आणि पहिली गोळी समोर गिळायला लावते. पुढचे दोन दिवस घड्याळ लावून, काहीतरी खाऊनच. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी बहुतेकांना पुरते. अल्सर, किडनीचा त्रास, दमा किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर ते आधी सांगा. आणि मेडिकलमधून मनानं जादा गोळ्या आणू नका. जोडगोळीत पॅरासिटामॉल असतंच, वर वेगळी घेतली की मात्रा दुप्पट होते.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, तेव्हा घाबरू नका. पहिल्या दिवशी फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं गालावर धरायचा, तेवढाच वेळ थांबायचं, पुन्हा धरायचा. पहिल्याच संध्याकाळी तव्यावर फडकं तापवून शेकलं, तर सूज वाढते. कोमट मिठाचं पाणी चोवीस तासांनंतर, तेही तोंडात नुसतं फिरवून खाली पडू द्यायचं.

कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा, सारखा काढून बघू नका. खड्ड्यात लवंग कोंबू नका. मिसळ आणि तांबडा रस्सा आठवडाभर थांबतील, तोवर ताक-भात खा. झोपताना दोन उशा घ्या.

तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत गेली, ताप आला किंवा रक्त थांबेना, तर रात्रीसुद्धा फोन करा. गिळता येत नसेल किंवा श्वास अडत असेल, तर माझी वाट न बघता थेट सीपीआर, म्हणजे इथलं मोठं सरकारी रुग्णालय, गाठा.