ठाण्याच्या दमट हवेत टॅसिटसचा चर्मपत्री ग्रंथ कसा जपावा

रोमन इतिहासकार टॅसिटस याच्या ग्रंथांची सतराव्या शतकातील छापील प्रत, तीही फिकट पिवळसर चर्मपत्राच्या बांधणीत, परदेशातील लिलावांतून किंवा जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडून आजही सामान्य संग्राहकाच्या हाती येऊ शकते. अशी प्रत घरी आली की वेष्टन पुसून, तेलपाणी करून ते उजळवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. या पुस्तकावर काहीही करायचे नसते, जे काही करायचे ते त्याच्या भोवतालच्या हवेवर.

प्रथम प्रत नीट ओळखून तिची नोंद करावी. नेदरलँड्समधील लायडन शहराच्या एल्झेविर छापखान्याने 1634 साली काढलेली, तळहातावर मावणारी टॅसिटसची आवृत्ती उदाहरणादाखल घ्या. तिच्या आतल्या शीर्षकपानावर लायडन हे नाव ‘लुग्दुनी बाताव्होरुम’ अशा लॅटिन रूपात येते. त्या काळच्या पुस्तकांत साल बहुधा रोमन अंकांत असते आणि त्यात हजाराचा आकडा कित्येकदा सी, आय आणि उलटा सी अशा तीन खुणांनी छापलेला दिसतो. प्रत्येक पानाच्या तळाशी पुढील पानाचा पहिला शब्द छापलेला असतो. तो पुढच्या पानाशी जुळवत गेल्यास एखादे पान गळले आहे का, हे लॅटिन न येणाऱ्यालाही कळते. वेष्टनाची, कण्याची, आतल्या पुठ्ठ्यांची आणि डागांची छायाचित्रे याच वेळी दिनांकासह काढून ठेवावीत, कारण पुढे पावसाळ्यात काही बदल झाला तर तुलनेला तेवढाच आधार राहतो.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. चर्मपत्र म्हणजे कमावलेले चामडे नव्हे. वासराचे, मेंढीचे किंवा शेळीचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून, खरवडून आणि चौकटीवर ताणून वाळवले की ते तयार होते. कमावण्याची प्रक्रिया झालेली नसल्यामुळे ते हवेतील ओलावा चटकन शोषते, फुगते, आणि हवा कोरडी झाली की आक्रसते. पुठ्ठा वाकतो, कडा उचलल्या जातात, सांध्याशी चिरा पडतात. आतला कागद मात्र चिंध्यांच्या लगद्याचा असल्याने लाकडी लगद्याच्या नंतरच्या कागदापेक्षा पुष्कळ टिकाऊ असतो. योग्य हवेत चर्मपत्रही शतकानुशतके टिकते: टॅसिटसच्या ‘अॅनल्स’ या इतिहासग्रंथाच्या पहिल्या सहा भागांपैकी जे उरले आहे, ते नवव्या शतकातील एकाच चर्मपत्री हस्तलिखितामुळे उरले, आणि ते हस्तलिखित आज फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे.

ठाण्यात एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर असल्याने जून ते सप्टेंबर घरातील आर्द्रता सहज 80 टक्क्यांच्या वर राहते, तर चर्मपत्राला साधारण 50 ते 55 टक्के मानवते. 65 ते 70 टक्क्यांच्या पुढे बुरशीला वाव मिळतो. सततच्या ओलाव्याइतकाच चढउतारही घातक असतो. म्हणून रात्री वातानुकूलन यंत्र चालवून दिवसा बंद ठेवलेल्या खोलीत हे पुस्तक उघड्या शेल्फवर ठेवू नये. पावसाचा मारा घेणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट तर मुळीच नको. आतल्या भिंतीजवळ, मागे चार बोटे जागा सोडून ठेवलेले पावडर कोटिंगचे स्टीलचे कपाट उत्तम. नव्या प्लायवूडमधून आम्लयुक्त वाफा निघतात.

घरगुती उपाय म्हणून मला बंद डब्याची रीत सर्वांत भरवशाची वाटते. पुस्तकाच्या मापाची आम्लमुक्त पुठ्ठ्याची घट्ट पेटी करवून घ्यावी, म्हणजे वेष्टनावर हलका दाब राहून ते वाकणार नाही. ही पेटी रबरी कड असलेल्या पॉलिप्रोपिलीनच्या डब्यात ठेवावी, सोबत छोटा आर्द्रतामापक आणि कापडी पिशवीत ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवावे. जेलचा पुस्तकाला स्पर्श होऊ देऊ नये. डबा भर पावसाळ्यात बंद केल्यास ओलावाही आत कोंडला जातो, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीतील कोरड्या दुपारी करावे. आकडा 60 च्या वर गेला तर जेल ओव्हनमध्ये वाळवून, थंड करून परत ठेवावे; 40 च्या खाली गेला तर थोडे जेल काढावे, कारण अति कोरड्या हवेत कातडे ताठरते.

हाताळताना हातमोजे नकोत, स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे केलेले हात हवेत. पुस्तक सपाट उघडू नये. दोन्ही बाजूंना गुंडाळलेले सुती टॉवेल ठेवून जेमतेम काटकोनात उघडावे. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने, पुस्तक मिटलेले धरून, कण्यापासून बाहेरच्या दिशेने झाडावी. ओले फडके, तेल, चामड्याचे पॉलिश, ग्लिसरीन यांपैकी काहीही लावू नये.

बुरशी दिसल्यास पुस्तक इतरांपासून वेगळे करून, सावलीत, हलत्या हवेत वाळवावे. उन्हात ठेवल्यास वेष्टन तासाभरात वाकू शकते. बुरशी पूर्ण कोरडी झाल्यावरच, एन-95 मास्क लावून ती ब्रशने काढावी. जंतुनाशक फवारू नये. कसर आणि वाळवी यांच्यासाठी नियमित तपासणी आणि स्वच्छ कपाट हाच उपाय. डांबराच्या गोळ्या पुस्तकाजवळ नकोत. पोथ्यांसाठी वेखंड ठेवण्याची आपली जुनी पद्धत चांगली आहे, पण पुरचुंडी डब्याबाहेर कपाटात असावी. लाल कापडात बांधण्यापूर्वी त्याचा रंग जातो का, हे पाहून घ्यावे.

कणा सुटला असेल किंवा पुठ्ठा फार वाकला असेल, तर नेहमीच्या बाइंडरकडे न जाता कागद-चर्मपत्राच्या प्रशिक्षित संवर्धकाकडे जावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तेथे चौकशी करता येईल. काम सोपवण्यापूर्वी प्रस्तावित उपचार लेखी मागावेत आणि त्यात गरम इस्त्री, फेव्हिकॉल किंवा नवे वेष्टन यांपैकी काही असल्यास स्पष्ट नकार द्यावा.