ऑटिस्टिक बाईच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या ट्रीटमेंटला सोबत जाताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चेहरा बघून दुखणं ठरवणं. ऑटिस्टिक बाई शांत बसलीये म्हणजे तिला दुखत नाहीये असं अजिबात नसतं, आणि बायोप्सीच्या (गाठीचा तुकडा तपासायला काढतात त्या) टेबलवर ती हसली तर तेही बऱ्याचदा घाबरल्यामुळे असतं. सिस्टर विचारते, "एक ते दहामध्ये किती दुखतंय?" आता हा प्रश्न आपल्यालाच धड कळत नाही, ती तर खरंच विचार करत बसते की दहा म्हणजे नेमकं कुठलं दुखणं, आणि शेवटी म्हणते "माहीत नाही", की झालं, फाईलवर दुखणं नाही असं लिहिलं जातं. त्यापेक्षा विचारा, रात्री कुशीवर झोपता आलं का, हात वर करून केस विंचरता आले का.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट. ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांना भूक, तहान, ताप हे आतलं उशिरा कळतं किंवा कळूनही सांगता येत नाही. केमो चालू असताना हे फार डेंजर आहे, कारण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की लगेच हॉस्पिटलला फोन करायचा असतो, सकाळ होऊ दे मग बघू असं चालत नाही. "बरं नाही वाटलं तर सांग हं" यावर विसंबून राहू नका, अलार्म लावून ठरलेल्या वेळी थर्मामीटर लावा. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने बोटं बधिर होऊ शकतात तेही असंच बघावं लागतं, कुर्त्याची बटणं लागतायत का, पेन धरता येतंय का.

"थोडंसंच दुखेल, पटकन होईल." हे वाक्य बंदच करा. थोडंसं म्हणजे किती? मॅमोग्राफीत, म्हणजे छातीच्या एक्स-रेत, छाती दोन प्लेटांमध्ये दाबतात, प्रत्येक बाजूचे साधारण दोन फोटो, दाब काही सेकंदच, हे असं सांगा. बायोप्सीच्या गनचा स्टेपलरसारखा खटकन आवाज येतो, तो आधी एकदा ऐकवा अशी डॉक्टरांना विनंती करा. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध लाल रंगाचं असतं, नंतर लघवीही लालसर होते, हे आधी माहीत नसेल तर कुणालाही रक्तच वाटेल.

केमोच्या दिवशी लाडाने तिचा आवडता पदार्थ डब्यात नेऊ नका. मळमळीशी एकदा त्याचा संबंध जुळला की तो पदार्थ कायमचा जाऊ शकतो, आणि जिचे खायचे पदार्थच मोजके आहेत तिचा त्यातला एक गेला तर मग खायचं काय?

आवाज-उजेड सहन होत नाही म्हणून घातलेले हेडफोन, गॉगल काढायला लावणं, स्वतःला शांत करायला तिने हात हलवले की "लोक बघतायत" म्हणणं, हे आपले लोक हमखास करतात. बघू देत की! एमआरआयला तिचे हेडफोन चालणार नाहीत, तिथे इअरप्लग मागा. डॉक्टर तुमच्याशीच बोलायला लागले तर खुर्ची जरा मागे घ्या, उत्तर तिला देऊ द्या, वेळ लागला तर लागू दे, आणि बोलता येत नसेल तर लिहून.

ओपीडीत तासन्‌तास बसवून ठेवत असतील तर दिव्यांग हक्क कायदा 2016 लक्षात ठेवा, त्यात ऑटिझम आहे आणि कलम 25 मध्ये उपचारात प्राधान्य द्यायचं लिहिलंय. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) असेल तर सोबत न्या. पण मोठ्या वयाच्या कितीतरी बायकांकडे निदानाचा कागदच नसतो, अशा वेळी काय चालतं काय चालत नाही ते एका पानावर लिहून फाईलच्या वरच लावा. (अगदी "न सांगता हात लावू नका" हेसुद्धा.)

रेडिएशन बहुतेक वेळा 3 ते 5 आठवडे चालतं, आठवड्यातले पाच दिवस, आणि मशीन चालू असताना ती खोलीत एकटी असते. सुरू व्हायच्या आधी रिकामी खोली बघू द्या म्हणा, रोजची वेळ एकच मागा. त्वचेला लावायला दिलेलं क्रीम ती लावत नसेल तर आळशी म्हणू नका, चिकट लागत असेल, न चिकटणारं दुसरं कुठलं चालेल ते रेडिएशनच्या डॉक्टरांनाच विचारा.